पडीक रान आणि पाहुणे



कोयनानगरच्या आसपासच्या वाड्यांतून फिरताना कुलूपबंद घरे आणि गवताने भरलेली भातखाचरे पुष्कळ दिसतात. घरची माणसे मुंबई-पुण्याला असतात. सणाला सगळे गावी जमले की एक विषय हमखास निघतो : वडिलार्जित रान विकून टाकावे, की तिथे पर्यटकांसाठी राहण्याची सोय करावी?

हा दुसरा मार्ग महाराष्ट्रात रुळलेला आहे. 2005 साली पांडुरंग तावरे यांनी बारामती तालुक्यात कृषी पर्यटनाचे काम सुरू केले. 2020 साली राज्य शासनाने कृषी पर्यटन धोरण मंजूर केले. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून शेतकरी आपल्या शेतावर पाहुणे ठेवू शकतो. जमीन आपलीच राहते आणि शेतीला जोडधंदा मिळतो.

मात्र सुरुवात करण्यापूर्वी एका शब्दाचा विचार करू या. 'पडीक' म्हणजे 'रिकामे' असे आपण धरून चालतो. वीस वर्षे नांगर न लागलेल्या रानात करवंदीच्या जाळ्या वाढतात, जांभूळ उभे राहते, पाखरे घरटी करतात. शेजारीच 1985 साली घोषित झालेले कोयना अभयारण्य आहे. 2010 साली ते चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले व 2012 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याची नोंद झाली. आपण सोडून गेलो तरी त्या रानातला संसार थांबलेला नाही. म्हणून आधी जेसीबी बोलावू नये. एक पूर्ण पावसाळा रानात हिंडून पाहावे. पाणी कुठून वाहते, झरा कोणत्या महिन्यापर्यंत टिकतो, कोणती झाडे राखायची, हे टिपून ठेवावे.

या भूमीने धडेही दिले आहेत. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेच्या भूकंपात कोयना परिसरात सुमारे 180 माणसे दगावली. मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या होत्या. जुलै 2021 मध्ये अतिवृष्टीने पाटण तालुक्यातील आंबेघर, मीरगाव व ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. तेव्हा खोल्यांसाठी उतार कापून सपाटी करण्याचा मोह टाळावा. जुने घर सुस्थितीत असेल तर जाणकार अभियंत्याला दाखवून तेच मजबूत करावे. कोपरे नीट बांधून काढावेत, दारे-खिडक्यांच्या वर सर्व भिंतींवरून सलग पट्टी द्यावी, छप्पर हलके ठेवावे.

पाण्याचेही तसेच. इथे वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, पण उतारावरून तो धावत निघून जातो आणि उन्हाळ्यात घागर घेऊन लांब जावे लागते. पाहुणे येणार ते बहुधा सुट्टीत, म्हणजे नेमक्या टंचाईच्या दिवसांत. म्हणून खाचरांचे फुटलेले बांध आधी दुरुस्त करावेत, छपराचे पाणी टाकीत साठवावे आणि शौचालयाची टाकी झऱ्यापासून दूर व खालच्या अंगाला घ्यावी. झऱ्याला जितके पाणी, तितक्याच खोल्या.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. 1960 च्या दशकात शिवसागर जलाशयाखाली अनेक गावे गेली. राज्याला वीज मिळाली आणि इथली कुटुंबे दूरच्या जिल्ह्यांत विखुरली. आता उरलेली जमीनही विकली गेली, तर मालकाचा मुलगा त्याच रानाच्या फाटकावर पहारेकरी म्हणून उभा राहील. त्यापेक्षा नाचणी शेजारच्या शेतातली, भाकरी वाडीतल्या मावशींच्या हातची आणि वाटाड्या गावचा, असे असेल तर पाहुण्याचा पैसा वाडीत फिरेल आणि खाचरात पुन्हा भात उभा राहील.

उत्पत्तीच्या पुस्तकात माणसाला बाग सोपवली आहे ती दोन कामांसाठी : मशागत आणि राखण. पाहुणा दोन दिवसांनी जातो, राखण मात्र आपल्याकडेच राहते.

चिंतनासाठी :
1. आपल्या गावच्या जमिनीकडे आपण शेवटचे कधी गेलो होतो? तिथे काय पाहिले?
2. तिच्यातून मिळणाऱ्या उत्पन्नात शेजाऱ्याचा वाटा किती असेल?
3. आपल्यानंतर तिथला झरा आजच्याइतकाच वाहील का?