आधी अक्का, मग बेल

चौसाळा, ता. जि. बीड

चि. बाळूस मामाचा आशीर्वाद.

परवा फोनवर तू ‘दिवसभर बँकॉक फिरलो, मजा आली’ एवढंच बोललास. खरं काय ते छकुलीनं सांगितलं. नदीवरच्या बोटीत तुम्ही तिघं चढलात, बोट सुटली आणि तुझी आई, माझी अक्का, धक्क्यावरच राहिली. पोरगी हसत होती, इकडं माझ्या पायातलं बळ गेलं. त्यात स्टँडवरच्या हॉटेलात एकानं काढलं, की थायलंडातून माणसं पळवून म्यानमारात नेतात. नोकरीच्या आमिषानं फसलेल्या पोरांची ती गोष्ट. २०२५ च्या मार्चमध्ये आपल्या हवाई दलाच्या विमानांनी ५०० च्या वर लोक माए सोतहून परत आणले. म्हातारीला कोण कशाला नेतंय, हे मलाही कळतं. पण झोप लागली नाही ती नाहीच.

अरे, तिथल्या बोटी धक्क्याला टेकल्या न टेकल्या की शिट्टी होते. तू तिथंच राहतोस, तुला हे ठाऊक. मग तू आधी का चढलास? उभी हयात मी एसटीत कंडक्टरकी केली. म्हातारं माणूस आत येऊन दांडी धरेपर्यंत डबल बेल दिली नाही. आधी अक्का, मागून तू. यात शिकवण्यासारखं काय आहे?

तिला थाई नाही, इंग्रजी नाही, हिंदीही जेमतेम. घराचा पत्ता थाई अक्षरांत लिहून तिच्या चंचीत ठेव. पर्यटक पोलिसांचा ११५५ नंबर छकुलीकडून पाठ करून घे. राजवाड्यापाशी ‘आज बंद आहे, दुसरीकडं नेतो’ म्हणणारे भेटतात. आपल्याकडचे जीपवाले ‘एसटी गेली’ म्हणतात, त्यातलीच जात. आत खांदे-गुडघे झाकलेले लागतात. अक्काच्या लुगड्याला कोण अडवतंय? अडकशील तू, त्या अर्ध्या चड्डीत.

आता म्हणे रविवारी चातुचाकचा बाजार. हजारो दुकानं, बोळात बोळ. अक्का कपिलधारच्या यात्रेत कधी हरवली नाही, पण तिथं तिच्या हाकेला ‘ओ’ देणारं कुणीही होतं. तो बाजार राहू दे. तिला पुन्हा वाट फोच्या देवळात ने. ४६ मीटर लांबीचा निजलेला बुद्ध, आणि त्याच्या पाठीमागं ओळीनं काशाची १०८ भांडी, एकेकात नाणं टाकत जायचं. फोनवर ती माझ्याशी तेवढंच बोलली. तुम्ही घाई केलीत, निम्मीच झाली म्हणाली. धक्क्याचं अवाक्षर नाही. आणि राजवाड्यातल्या देवळाच्या ओवऱ्यांत भिंतीभर रामायण रंगवलंय, तिथं वाटाड्या करू नको. कोण कोण आहे ते अक्काच छकुलीला सांगेल. दिवस तिथंच गेला तर जाऊ दे.

माझ्या खिशात एसटीचा पास असायचा. आमच्या आईला समुद्र बघायचा होता. उन्हाळ्यात म्हणायचो दिवाळीला नेतो. दिवाळीला जादा गाड्या, आषाढीला जादा गाड्या. गावोगावच्या आया मी पंढरपूरला नेऊन सोडल्या, माझी मात्र बीडच्या पुढं गेली नाही. ती गेली तेव्हा अक्कानं मला एका शब्दानं विचारलं नाही. बोलत नाही रे ती. म्हणून धक्क्यावर किती वेळ उभी होती, काय वाटलं, हे तूच काढून घे. मला सांगायची नाही.

तू तिला विमानात बसवलंस, नदी दाखवलीस. मला जमलं नाही ते तू केलंस, बाळू. रागानं लिहिलं ते मनावर घेऊ नको. फक्त चढताना तिचा हात धर.

अक्काचा गुडघा कसा आहे ते खरं लिही. तिकडं कुणी येणार असेल तर कळव, ज्वारीचं पीठ आणि काळं तिखट बांधून ठेवलंय. तिखट तुम्हा दोघांना. अक्काला हल्ली सोसत नाही, मागितलं तरी थोडंच द्या. सूनबाईला आशीर्वाद, छकुलीला पापा.

तुझा मामा