तोफेवरील जपानी अक्षरे कशी वाचावीत?

दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने वापरलेल्या तोफा आज अनेक देशांच्या वस्तुसंग्रहालयांत आढळतात. १९४४ साली इंफाळ व कोहिमा येथे झालेल्या लढायांत अशा डोंगरी तोफा भारताच्या सरहद्दीपर्यंत येऊन पोचल्या होत्या. या तोफांच्या नळीवर, पिछाडीवर अथवा गाड्यावर चित्रलिपीतील अक्षरे कोरलेली असतात. तोफेचा प्रकार, तिची घडण कोणत्या वर्षी मान्य झाली, ती कोठे व केव्हा तयार झाली, हे सर्व त्या अक्षरांत नोंदलेले असते. ही अक्षरे चुकीची वाचली गेली, तर संग्रहालयातील फलकावर खोटा इतिहास लिहिला जातो व पुढील अभ्यासक तोच खरा मानून चालतात. सुदैवाने हे वाचन करण्यासाठी संपूर्ण जपानी भाषा येण्याची आवश्यकता नाही. दहा अंक, थोडे शब्द आणि कालगणनेचे काही नियम एवढ्या सामग्रीवर बरेच काम होते.

अंक आणि वाचनाची दिशा

जपानी अंकांपैकी पहिले तीन अगदी सोपे आहेत. एक आडवी रेघ म्हणजे एक, दोन आडव्या रेघा म्हणजे दोन, तीन रेघा म्हणजे तीन. चौकटीच्या आत दोन लहान पाय असले की तो चार. खाली परस्परांपासून दूर जाणाऱ्या दोन तिरप्या रेघा म्हणजे आठ. आणि आपल्या बेरजेच्या चिन्हासारखी फुली म्हणजे दहा.

येथे वाचकाने एक गोष्ट विसरू नये. महायुद्धापूर्वीचा जपानी लेख उभा असेल तर वरून खाली वाचावयाचा असतो. परंतु तो आडवा असेल तर बहुधा उजवीकडून डावीकडे वाचावा लागतो. आपल्या सवयीप्रमाणे डावीकडून वाचणाऱ्यास ‘तीन-आठ’ हा आकडा ‘आठ-तीन’ असा दिसेल. वस्तुतः ३८ या आकड्याची मैदानी तोफ १९०५ सालच्या घडणीची आहे. ८३ असे वाचल्यास, पुढे दिलेल्या गणनेप्रमाणे, ती १९२३ ची ठरेल. केवळ दिशा चुकल्याने अठरा वर्षांचे अंतर पडते.

एक आकडा, तीन कालगणना

महाराष्ट्रातील वाचकास शालिवाहन शक, विक्रम संवत व इसवी सन यांतील फरक परिचित आहे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून, म्हणजे १६७४ पासून, राज्याभिषेक शकही सुरू झाला होता. जपानमध्येही राजाच्या कारकीर्दीवरून वर्षे मोजतात. मेइजी कारकीर्द १८६८ मध्ये सुरू झाली, ताइशो १९१२ मध्ये आणि शोवा १९२६ मध्ये. म्हणून मेइजी वर्षात १८६७, ताइशो वर्षात १९११ आणि शोवा वर्षात १९२५ मिळविले की इसवी सन मिळतो. शोवा कारकीर्दीस २५ डिसेंबर १९२६ रोजी आरंभ झाल्यामुळे तिचे पहिले वर्ष अवघे सात दिवसांचे होते. तेव्हा कोणी ‘शोवा एक’ असे वाचले, तर ते वाचन पुन्हा तपासून पाहणे इष्ट होय.

याशिवाय जपानच्या पुराणप्रसिद्ध पहिल्या सम्राटाच्या राज्यारोहणापासून मोजलेला एक साम्राज्य-संवत आहे. त्यातून ६६० वजा केल्यास इसवी सन येतो. ताइशो कारकीर्द संपल्यानंतर शस्त्रांना या संवताच्या शेवटच्या दोन अंकांवरून नावे देण्यात येऊ लागली. ‘नऊ-दोन’ या आकड्याची पायदळी तोफ म्हणजे संवत २५९२, अर्थात १९३२ ची. संवत २६०० म्हणजे १९४० साल. त्या वर्षीच्या शस्त्रांस भूदलाने १०० व नौदलाने शून्य हा आकडा दिला. नौदलाच्या प्रसिद्ध ‘झीरो’ विमानाचे नाव यातूनच आले. त्यानंतर पुन्हा १, २, ३ अशी मोजणी सुरू झाली.

‘शिकि’ आणि ‘नेन’

आकड्यापुढे ‘शिकि’ हे अक्षर असते. त्याचा अर्थ नमुना अथवा पद्धती. काही तोफांवर आकडा व ‘शिकि’ यांच्यामध्ये ‘नेन’, म्हणजे वर्ष, हे अक्षर येते. दिसावयास क्षुल्लक असलेल्या या अक्षरावर पुष्कळ काही अवलंबून आहे. ‘चार-नेन-शिकि’ ही १५ सेंटिमीटरची हॉवित्झर तोफ ताइशो ४, म्हणजे १९१५ ची आहे. उलट, ‘चार-शिकि’ हा २० सेंटिमीटर अग्निबाण डागणारा प्रक्षेपक संवत २६०४, म्हणजे १९४४ चा आहे. आकडा तोच, परंतु ‘नेन’ नजरेतून निसटल्यास एकोणतीस वर्षांची चूक होते.

विसाव्या शतकातील भूदलाच्या तोफांपुरता स्थूल नियम असा सांगता येईल: ‘नेन’ असेल तर ताइशो वर्ष समजावे, ‘नेन’ नसून आकडा ३८ ते ४५ च्या दरम्यान असेल तर मेइजी, आणि ‘नेन’ नसून आकडा ऐंशी-नव्वदीतील, शंभर किंवा १ ते ५ असेल तर साम्राज्य-संवत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या तोफांवर मात्र मेइजी आकड्यापुढेही ‘नेन’ आढळते. १८९८ ची ‘एकतीस-नेन-शिकि’ तोफ हे त्याचे उदाहरण.

कारखान्याचे नाव: दुसरा साक्षीदार

नमुन्याचे वर्ष म्हणजे घडणीस मान्यता मिळाल्याचे वर्ष. ती विशिष्ट तोफ ओतली गेली ते वर्ष नव्हे. निर्मितीचे वर्ष कारकीर्दीच्या नावासह वेगळे कोरलेले असते. ते पडताळण्यास कारखान्याचे नाव उपयोगी पडते. भूदलाच्या तोफांचा मोठा कारखाना ओसाका येथे होता. १८७९ पासून १९२३ पर्यंत त्याचे नाव ‘ओसाका होहेइ कोशो’ असे होते. १९२३ मध्ये ते ‘ओसाका कोशो’ झाले. १९४० मध्ये ‘ओसाका रिकुगुन झोहेइशो’ झाले. १४ ऑगस्ट १९४५ रोजी बाँबवर्षावात हा कारखाना उद्ध्वस्त झाला.

समजा, एका तोफेवर ‘चार-एक-शिकि सांपो’, ‘ताइशो आठ’ आणि ‘ओसाका होहेइ कोशो’ अशी अक्षरे आहेत. ‘सांपो’ म्हणजे डोंगरी तोफ. ४१ पुढे ‘नेन’ नाही, म्हणून मेइजी ४१, अर्थात १९०८ ची घडण. ताइशो ८ म्हणजे १९१९ ची निर्मिती. कारखान्याचे नावही त्या काळाशी जुळते. तिन्ही साक्षी एकमेकींस दुजोरा देतात, म्हणून निष्कर्ष विश्वसनीय होय. त्या जुळल्या नसत्या, तर वाचनात दोष आहे किंवा नळी आणि गाडा वेगवेगळ्या तोफांचे आहेत, असा संशय घ्यावा लागला असता. यासाठी प्रत्येक भागावरील क्रमांक स्वतंत्रपणे टिपून ठेवणे अवश्य आहे.

मापांची अक्षरे

मीटरसाठी ‘तांदूळ’ या अर्थाचे अक्षर केवळ ध्वनिसाम्यामुळे घेण्यात आले. त्याला शतांशदर्शक भाग जोडला की सेंटिमीटर, आणि ‘केस’ या अर्थाचा सहस्रांशदर्शक भाग जोडला की मिलिमीटर होतो. परंतु नावातील माप काटेकोर नसते. भूदलाची ‘७ सेंटिमीटर’ विमानविरोधी तोफ प्रत्यक्षात ७५ मिलिमीटरची, तर ‘१० सेंटिमीटर’ तोफ १०५ मिलिमीटरची आहे. म्हणून नळीचा आतील व्यास कॅलिपरने मोजूनच नोंदवावा.

पुसट अक्षरे

गंज अथवा रंगाच्या थरांनी अक्षरे बुजलेली असल्यास तारेचा ब्रश किंवा आम्ल कदापि वापरू नये; त्याने उरलेला पुरावाही नष्ट होतो. अंधारात एका बाजूने तिरपा प्रकाश टाकून छायाचित्र घ्यावे. शिलालेखाप्रमाणे पातळ कागद लावून शिसपेन्सिलीने ठसाही घेता येतो. ठोकून उमटविलेले अक्षर कानशीने घासून काढले, तरी त्याखालील धातू दाबला गेलेला असतो. प्रयोगशाळेत विशिष्ट द्रावणाच्या साहाय्याने ते अक्षर पुन्हा अंशतः दृश्य करता येते. हे काम तज्ज्ञांचेच होय.

तोफेचे लेखन वाचणे निर्धोक आहे. तोफगोळ्याचे तसे नाही. जुना गोळा सापडल्यास त्यास हात न लावता, त्यावरील अक्षरे वाचण्याच्या मोहात न पडता, दूर व्हावे आणि पोलिसांस कळवावे. स्फोटक द्रव्य कित्येक दशकांनंतरही जिवंत राहू शकते.

स्वाध्याय

१. ‘शोवा सोळा’ म्हणजे कोणते इसवी साल?
२. ‘नऊ-चार-शिकि’ डोंगरी तोफेची घडण कोणत्या वर्षाची?
३. ‘अकरा-नेन-शिकि’ तोफेचे वर्ष काढा व कोणती कालगणना वापरली ते लिहा.

उत्तरे: १. १९४१. २. १९३४. ३. १९२२, ताइशो.