दोन कम्प्युटर, एक वायर



मागच्या वर्षीची गोष्ट. ग्रामसंघाच्या बैठकीत एका ताईंना मी सगळ्यांसमोर विचारलं, "ताई, तुमचा दोन हजारांचा हप्ता राहिलाय, कधी भरताय?" ताईंनी काही न बोलता पिशवीतून पासबुक काढलं. हप्ता भरलेला होता, सहीसुद्धा होती. मग घोळ कुठे झाला? नोंद कार्यालयातल्या जुन्या कम्प्युटरवर झाली होती आणि बैठकीला मी लॅपटॉपवरची यादी घेऊन आले होते. फाइलचं नाव एकच, पण एक ताजी आणि एक शिळी. पेनड्राइव्हवर नवी फाइल घ्यायला मी विसरले होते. चूक माझी, पण मान खाली गेली ती ताईंची.

पेनड्राइव्हचा आणखी एक त्रास आहे. तो आज झेरॉक्सच्या दुकानात, उद्या कुणाच्या घरी असा फिरतो आणि येताना व्हायरस घेऊन येतो. शिवाय त्यात आपल्या बायांच्या आधारच्या आणि पासबुकच्या प्रती असतात. तो हरवला तर त्या कुणाच्या हाती लागतील, सांगता येत नाही.

यावर सोपा उपाय आहे. दोन कम्प्युटर एका वायरने थेट जोडायचे. इंटरनेट लागत नाही, रिचार्ज लागत नाही. एकदा नीट समजून घेतलं की कुणालाही जमतं.

काय लागेल?

एक लॅन केबल. दुकानात याच नावाने मागा. दोन्ही टोकांना फोनच्या जुन्या वायरसारखी, पण थोडी रुंद पिन असते. कम्प्युटरच्या मागे आणि लॅपटॉपच्या बाजूला तशीच चौकोनी खाच असते. काही नव्या, पातळ लॅपटॉपला ती नसते. मग युएसबीला लावायचा लॅनचा जोड घ्यावा लागतो. पूर्वी थेट जोडणीसाठी 'क्रॉसओव्हर' नावाची वेगळी केबल लागायची. आताचे बहुतेक कम्प्युटर साध्या केबलवरही चालतात. मशीन फार जुनं असेल तर मात्र दुकानदाराला तसं सांगा.

हे चालतं कसं?

पोस्टमनला पत्र द्यायचं तर घराचा पत्ता लागतो. कम्प्युटरचंही तसंच. त्याच्या पत्त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. आपण असे पत्ते देऊ:

पहिला कम्प्युटर : १९२.१६८.५०.१
दुसरा कम्प्युटर : १९२.१६८.५०.२

पहिले तीन आकडे म्हणजे गल्ली, शेवटचा आकडा म्हणजे घर नंबर. गल्ली एकच हवी आणि घर नंबर वेगळा हवा. दोघांना एकच नंबर दिला तर जोडणी होणार नाही.

करायचं कसं? (विंडोज १० साठी. विंडोज ११ मध्ये मांडणी थोडी वेगळी दिसेल.)

१. दोन्ही कम्प्युटर सुरू करा. वाय-फाय बंद करा. केबलची दोन टोकं दोन्हीकडे 'टक्' आवाज येईपर्यंत बसवा. खाचेजवळ बारीक दिवा असेल तर तो लागतो.

२. खाली शोधायच्या जागेत 'व्ह्यू नेटवर्क कनेक्शन्स' इंग्रजीत टाइप करून ते उघडा. 'इथरनेट'वर उजवं बटण दाबून 'प्रॉपर्टीज' घ्या. यादीतलं 'इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४' निवडून पुन्हा 'प्रॉपर्टीज' दाबा. 'यूज द फॉलोइंग आयपी अ‍ॅड्रेस' निवडा आणि वर दिलेला पत्ता इंग्रजी आकड्यांत भरा. त्याखाली सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असा असू द्या. गेटवे रिकामा सोडा. ओके करा. हेच दुसऱ्या कम्प्युटरवर, पण शेवटी २ टाकून.

३. दोन्हीकडे 'मॅनेज अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज' शोधून उघडा. जिथे 'करंट प्रोफाइल' लिहिलेलं असेल, तिथे 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' सुरू करून सेव्ह करा.

४. पहिल्या कम्प्युटरवर 'गट-हिशेब' नावाचं नवं फोल्डर करा. द्यायच्या फाइल्स तेवढ्याच त्यात ठेवा. फोल्डरवर उजवं बटण, 'प्रॉपर्टीज', 'शेअरिंग', 'शेअर'. नुसतं वाचायला द्यायचं असेल तर 'रीड' ठेवा.

५. दुसऱ्या कम्प्युटरवर विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट उघडेल. त्यात दोन उलट्या तिरप्या रेघा आणि लगेच पहिल्याचा पत्ता टाका: \\१९२.१६८.५०.१ आणि एंटर दाबा. नाव आणि पासवर्ड विचारला तर पहिल्या कम्प्युटरचा द्या. फोल्डर दिसलं की फाइल कॉपी करा.

कुठे अडतं?

सगळ्यात जास्त पासवर्डपाशी. पहिल्या कम्प्युटरला पासवर्डच नसेल तर विंडोज बाहेरून आत येऊ देत नाही. आधी पासवर्ड ठेवा. सुरू करताना आपण चार आकडी पिन टाकतो, तो इथे चालत नाही, खात्याचा पासवर्डच लागतो. 'अ‍ॅक्सेस' मिळत नाही असं आलं तर पायरी ३ आणि ४ पुन्हा बघा. पत्ताच सापडत नाही असं आलं तर केबल आणि आकडे तपासा. एखाद्या आकड्याच्या चुकीने माझा पहिला अख्खा दुपारचा वेळ गेला होता.

वेळ किती लागतो? जुन्या, १०० मेगाबिटच्या मशीनवर ४ जीबी फोटो साधारण सहा-सात मिनिटांत जातात. हिशेबाची फाइल तर डोळ्याचं पातं लवेपर्यंत.

वायर आली, पण शिस्तही हवी

वायरने फाइल जाते, पण कोणती खरी हे वायर सांगत नाही. म्हणून आम्ही चार नियम केले:

• नोंद एकाच कम्प्युटरवर करायची. दुसऱ्यावर फक्त वाचायची प्रत.
• फाइलच्या नावात तारीख घालायची. कुठली ताजी, हे उघडायच्या आधीच कळतं.
• 'कट' नाही, 'कॉपी'च. मध्येच लाइट गेली तरी मूळ फाइल जागेवर राहते.
• कॉपी झाल्यावर दोन्हीकडची एकूण बाकी जुळवायची. जुळली तरच बैठकीला निघायचं.

काम संपलं की शेअरिंग बंद करा, मगच वाय-फाय सुरू करा. आणि सहीचं रजिस्टर सोडू नका. कम्प्युटर बिघडला तर आधार त्याचाच.

पुढच्या बैठकीआधी करून पाहा

दोघीजणी मिळून बसा. एकीने पायऱ्या वाचायच्या, दुसरीने करायच्या, मग अदलाबदल. पहिल्या वेळी गटाच्या फाइल्स नकोत, एखादा साधा फोटो पाठवून बघा. मग एकमेकींना विचारा: दोन्ही पत्त्यांत काय सारखं आणि काय वेगळं? ताजी फाइल कशी ओळखायची? काम झाल्यावर काय बंद करायचं?

त्या ताईंची मी पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर माफी मागितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आता मलापण शिकव, म्हंजे मीच बघत जाईन." आज आमच्याकडे बैठकीआधी बाकी जुळवायचं काम त्याच करतात.