पाण्यातले फ्लोराइड आणि पुस्तकातला फ्लोरिन एकच का?

प्रश्न : आमच्या झरी-जामणी भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, ते पिऊ नका, असे सांगतात. मुलाच्या विज्ञानाच्या पुस्तकात फ्लोरिन हा अत्यंत घातक वायू असल्याचे लिहिले आहे. मग तोच टूथपेस्टमध्ये कसा घालतात? कपाशीवर लाल्या आला की आम्ही फवारणीला आणतो त्या पुड्यावर ‘मॅग्नेशियम सल्फेट’ असते. कुठे ‘आइड’, कुठे ‘एट’, हे कशावरून ठरते?

उत्तर : पाण्यात फ्लोरिन वायू विरघळलेला असतो, हा समज आधी दूर करू. तसा तो राहूच शकत नाही, कारण पाण्याशी गाठ पडताच त्याची अभिक्रिया होते. बोअरमध्ये असते ते फ्लोराइड, आणि फ्लोरिनहून ते फार वेगळे आहे.

फ्लोरिनच्या अणूत ९ इलेक्ट्रॉन असतात. आतल्या कवचात २, बाहेरच्या कवचात ७. बाहेर ८ मावतात, म्हणजे एक जागा रिकामी. सोडियमचे ११ इलेक्ट्रॉन २, ८, १ असे मांडलेले असतात, आणि तो शेवटचा एक सहज सुटतो. तो सोडियमकडून फ्लोरिनकडे गेला की सोडियमवर धनप्रभार येतो, फ्लोरिनवर ऋणप्रभार. असा प्रभार असलेला कण म्हणजे आयन, आणि फ्लोरिनचा ऋण आयन म्हणजे फ्लोराइड. केंद्रक तेच, इलेक्ट्रॉन फक्त एक जास्त, पण इलेक्ट्रॉन हिसकावण्याची फ्लोरिनची सगळी आक्रमकता तेवढ्याने संपते. मिठाचेही तसेच. सोडियम पाण्यात टाकला तर पेटतो, क्लोरीन वायू फुफ्फुसे जाळतो, पण त्यांच्या आयनांचे मीठ आपण रोज भाजीत घालतो.

‘अणूला अष्टक पूर्ण करायचे असते, म्हणून देवघेव होते’ असे शाळेत सांगतात. सुरुवातीला ते ठीक आहे, पण हिशेब तेवढ्यावर जुळत नाही. सोडियमचा इलेक्ट्रॉन सोडवायला जी ऊर्जा लागते, तिच्यापैकी साधारण दोन तृतीयांशच फ्लोरिनने तो घेतल्यावर परत मिळते. उरलेला तोटा भरून निघतो तो पुढच्या पायरीवर. धन आणि ऋण आयन एकमेकांना ओढून घेत, लाखो-करोडोंच्या संख्येने, आळीपाळीने रचले जातात, तेव्हा प्रचंड ऊर्जा बाहेर पडते. त्यामुळे स्फटिकात एका सोडियमची एका फ्लोराइडशी कायमची जोडी नसते. प्रत्येक सोडियमभोवती ६ फ्लोराइड आणि प्रत्येक फ्लोराइडभोवती ६ सोडियम असतात. सूत्र सांगते ते फक्त प्रमाण.

आता नावे. धन आयन आधी, मूळ नावानेच : सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम. ऋण आयन नंतर. तो एकाच मूलद्रव्याचा असेल तर शेवटी ‘आइड’ लागते : क्लोराइड, फ्लोराइड, ऑक्साइड. ‘एट’ बहुधा सांगते की त्या मूलद्रव्याला ऑक्सिजन जोडलेला आहे आणि तो सगळा गट मिळून एकच आयन झाला आहे. सल्फाइड म्हणजे नुसते गंधक. सल्फेट म्हणजे एका गंधकाला ४ ऑक्सिजन. ऑक्सिजन एकाने कमी, ३ असतील, तर सल्फाइट. हायड्रॉक्साइडसारखे काही अपवाद आहेत, ते लक्षात ठेवावे लागतात. नावे अशी घटकांवरून ठेवण्याची शिस्त लाव्हाझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १७८७ मध्ये पॅरिसमध्ये मांडली.

कॅल्शियम २ इलेक्ट्रॉन देतो, म्हणून त्याला २ फ्लोराइड लागतात. तरी ‘कॅल्शियम डायफ्लोराइड’ म्हणण्याची गरज पडत नाही, कारण प्रभारांची बेरीज शून्य व्हायलाच हवी आणि आकडा त्यातूनच कळतो. लोहाचे मात्र तसे नाही. ते कधी २ देते, कधी ३, म्हणून नावातच सांगावे लागते : २ दिले तर फेरस, ३ दिले तर फेरिक. आपल्याकडचे हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. आता पुस्तकांत त्याऐवजी कंसात रोमन आकडा देतात. कृषी केंद्रात मिळणारे ‘म्युरिएट ऑफ पोटॅश’ हे मात्र व्यापारातले जुने नाव. आत असते पोटॅशियम क्लोराइड.

मग फ्लोराइड इतके निरुपद्रवी, तर पाणी का पिऊ नये? कारण प्रश्न मात्रेचा आहे. टूथपेस्टमधले थोडे फ्लोराइड दातांच्या वरच्या थराला बळ देते, आणि आपण पेस्ट थुंकून टाकतो. पाणी मात्र रोज पोटात जाते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. त्याहून जास्त वर्षानुवर्षे पोटात गेले, तर मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे, सांधे आखडतात.

खडकातल्या ॲपेटाइट, अभ्रकासारख्या खनिजांतून फ्लोराइड पाण्यात उतरते. किती टिकते, हे सोबतच्या धन आयनांवरही अवलंबून असते. सोडियम फ्लोराइड लिटरभर पाण्यात सुमारे ४० ग्रॅम विरघळते, तर कॅल्शियम फ्लोराइड जेमतेम १५-१६ मिलिग्रॅम. म्हणून कॅल्शियम कमी आणि सोडियम जास्त असलेल्या पाण्यात फ्लोराइड सुखाने राहते. अशा बोअरचे पाणी ‘जड’ लागत नाही, चवीलाही बरे असते. म्हणूनच चवीवरून फ्लोराइडची पारख होत नाही.

पाणी उकळले की फ्लोराइड जाते, हा समज आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत वारंवार दिसतो. आयनाची वाफ होत नाही. पाणी आटते, फ्लोराइड भांड्यातच राहते, म्हणजे मात्रा उलट वाढते. कापडाने गाळून किंवा साध्या कँडलच्या फिल्टरनेही ते निघत नाही. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत चुना आणि तुरटी मोजून घालतात. त्यातून तयार होणारा ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा साका फ्लोराइड धरून खाली बसतो. यात मोजमाप महत्त्वाचे, म्हणून घरी अंदाजाने तुरटी फिरवून भागत नाही. तुमच्या बोअरचे पाणी स्वच्छ बाटलीत भरून जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या, आणि अहवालात ‘फ्लोराइड’समोरचा आकडा १.५ च्या वर असेल तर ते पाणी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी आजच बंद करा.