एकाच दिवशी सगळा पाडा : कोंबड्यांच्या उवा, लाल किडे आणि जंत



पावसाळा जवळ आला की गटाच्या बैठकीत एक तक्रार हमखास येते. "कोंबड्या खातात, पण अंडी देत नाहीत. औषध घातलं, दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा तेच." दर वेळी औषधच वाईट असतं असं नाही. पुष्कळदा ते फक्त कोंबडीला दिलेलं असतं, खुराडं तसंच राहिलेलं असतं. दुसरी पाळी चुकलेली असते. आणि शेजारच्या घरी काहीच केलेलं नसतं.

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर कोंबडी ही बाईच्या हातातली शिल्लक. पोरांच्या वह्या, दवाखान्याची खेप, वाघबारस, अचानक आलेला पाहुणा, सगळ्याला तीच उपयोगी पडते. म्हणून या महिन्याचा पाठ याच विषयावर.

आधी ओळखा, मग औषध

आपण सगळ्यालाच "पिसू पडली" म्हणतो. पण हे किडे वेगवेगळे आहेत आणि राहतातही वेगळ्या जागी.

उवा कोंबडीच्या अंगावरच जगतात. दिवसा कोंबडी धरा, शेपटाखालची आणि पंखाखालची पिसं बाजूला करा. पिवळसर उवा पळताना दिसतील. पिसाच्या बुडाशी लिखांचे पांढरे गठ्ठे दिसतील.

लाल किडे (दवाखान्यात त्यांना माईट म्हणतात) दिवसा अंगावर बहुतेक सापडतच नाहीत. ते बांबूच्या सांध्यात, कुडाच्या फटीत, बसायच्या काठीखाली लपतात आणि रात्री रक्त पितात. रात्री बॅटरी घेऊन बघा. पांढरं फडकं काठीच्या खालून फिरवा. फडक्यावर लाल डाग पडले, की समजा. कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात जायला मागत नाहीत, झाडावर बसतात, तुरा फिका पडतो, ही त्याचीच खूण असू शकते. कोंबडीचा गोचीडही असाच फटीत लपतो.

पायाचे खवले वर उचललेले, पाय जाड आणि खरखरीत दिसत असतील तर तो पायातला वेगळा बारीक किडा आहे.

जंत पोटात असतात. कोंबडी खाते पण छातीचं हाड हाताला लागतं, पिल्लं वाढत नाहीत, शिट पातळ होते. सगळ्यात सोपी तपासणी आपल्याच हातात आहे. घरी कोंबडी कापली की आतडं उभं चिरून बघा. शेवयांसारखे लांब पांढरे ते गोल जंत, फितीसारखे चपटे ते पट्टजंत. आतडं नंतर पुरून टाका, कुत्र्या-कोंबड्यांना घालू नका.

पिल्लांच्या शिटेत रक्त दिसलं तर ते बहुतेक जंताचं नसतं. हिरवी शिट, मान वाकडी होणं, एकामागून एक मरणं ही मानमोडीची लक्षणं आहेत. तिथे जंताचं औषध चालत नाही. लगेच दवाखान्यात कळवा.

पहिलं काम खुराड्याचं

लाल किडा काही न खाता कित्येक महिने जगतो. म्हणून खुराडं नुसतं महिनाभर रिकामं ठेवून भागत नाही. सकाळी कोंबड्या सोडल्या की जुना पेंढा आणि शीट बाहेर काढा. पेंढा जाळून टाका. काठ्या, डालगी, सांधे यांवर उकळतं पाणी ओता आणि दिवसभर कडक उन्हात वाळवा. फटी शेणमातीने बुजवा, वरून चुना लावा. अंडी घालायच्या टोपलीत नवा पेंढा घाला.

खुडूक कोंबडी बसवण्याआधी हे नक्की करा. ती एकवीस दिवस एकाच जागी बसते, धुळीत लोळायला फारशी उठत नाही. किडे तिथेच वाढतात आणि निघालेल्या पिल्लांचं रक्त पितात.

मग अंगावरचे किडे

कोंबडी धुळीत लोळते ती स्वतःच्या अंगावरचे किडे झाडायला. पण आपल्याकडे पावसाच्या चार महिन्यांत कोरडी माती मिळतच नाही, म्हणून उवा वाढतात. यावर उपाय फुकटचा आहे. ओटीवर किंवा वळचणीला, पाऊस लागणार नाही अशा जागी, एका घमेल्यात कोरडी बारीक माती आणि चुलीची थंड, चाळलेली राख ठेवा. मे महिन्यातच एक पोतं माती भरून ठेवा. राख ओली झाली की बदला, ओली राख कातडीला चावते.

उवा फार असतील तर पशुवैद्यकांनी सांगितलेली पावडर शेपटाखाली, पंखाखाली चोळा. डोळे आणि चोच वाचवा. आपलं तोंडही फडक्याने बांधा. पावडरने उवा मरतात, लिखा मरत नाहीत. लिखा आठवड्याभरात फुटतात. म्हणून दहाव्या दिवशी दुसरी पाळी, न चुकता.

पायाचे खवले ओरबाडून काढू नका. कोमट साबणपाण्याने पाय धुवा, पुसा, तेल लावा. दर तीन-चार दिवसांनी, दोन-तीन आठवडे.

जंताचं औषध मोजून

डोस कोंबडीच्या वजनावर असतो, चमच्यावर नाही. समजा, डॉक्टरांनी अल्बेंडाझोल किलोमागे १० मिलिग्रॅम लिहून दिलं आणि कोंबडी दीड किलोची आहे. तिला १५ मिलिग्रॅम लागेल. बाटलीवर २.५ टक्के लिहिलं असेल तर १ मिलिलिटरमध्ये २५ मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे ०.६ मिलिलिटर पुरे. पण बाटली १० टक्क्यांची असेल तर तेवढ्याच मापात चौपट औषध जाईल! म्हणून बाटली बदलली की हिशोबही बदला. सुई काढलेल्या सिरिंजने चोचीच्या कडेने हळूहळू द्या.

औषधानंतर दोन-तीन दिवस शीट रोज गोळा करून खड्ड्यात टाका. त्यात जंतांची अंडी असतात. ओल्या मातीत ती दोन-तीन आठवड्यांत तयार होतात आणि चोचीतून पुन्हा पोटात जातात.

अंडी किती दिवस खायची नाहीत, कोंबडी किती दिवस कापायची नाही, हे औषध घेतानाच विचारा आणि भिंतीवर तारीख लिहा. कोंबडी खुडूक बसली असेल तर तेही सांगा. लसीकरण ठरलं असेल तर जंताचं औषध त्याच्या आठवडाभर आधी झालेलं बरं.

हे करू नका

चिकूच्या वाडीत फवारायचं औषध कोंबडीवर किंवा खुराड्यात कधीच मारू नका. थोडं मारलं तर काय होतं, असं वाटतं. पण कोंबडी पिसं चोचीने साफ करते, विष पोटात जातं. अंडी आपलीच पोरं खातात आणि खुराडं कितीदा तरी आपल्या झोपायच्या जागेलाच लागून असतं. रिकाम्या विषाच्या डब्यात कोंबड्यांना पाणीही ठेवू नका.

एकटीने नाही, पाड्याने

तुमच्या कोंबड्या शेजारणीच्या अंगणात चरतात, तिच्या तुमच्या. एका घरी औषध झालं आणि बाकीच्या घरी नाही, तर महिन्याभरात सगळं पुन्हा तिथेच. म्हणून ग्रामसंघाच्या बैठकीत एक दिवस ठरवा. गटाच्या वहीत घरवार कोंबड्यांची संख्या लिहा. औषध मिळून आणा, पशुसखीताई मोजून देईल. सकाळी खुराडी आणि संध्याकाळी, कोंबड्या बसल्यावर, औषध. दहाव्या दिवशी खुराडी आणि पावडर पुन्हा. जंताची पाळी साधारण तीन महिन्यांनी : पावसाआधी, श्रावणात, दिवाळीनंतर.

औषधासाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा किंवा १९६२ या टोल फ्री नंबरवर विचारा. कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्रही आपल्याच तालुक्यात आहे, गटाने मिळून तिथे माहिती विचारता येते.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने एवढंच करा. रात्री पांढरं फडकं काठीखालून फिरवून बघा आणि ते फडकं सोबत आणा. किती घरांत लाल डाग आहेत ते मोजू, आणि तिथेच दिवस ठरवू.