झाड जगलं का, हे पुरस्कार विचारतो का?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातली मुलं दर पावसाळ्यात झाडं लावतात. पर्यावरणाच्या कामासाठी तरुणांना सरकारी पुरस्कार असतात म्हणे. ते कोणते? आणि पुरस्कार देताना लावलेलं झाड जगलं की नाही, हे कोणी बघतं का?
— एक वाचक, अहमदपूर (जि. लातूर)

उत्तर : सगळ्यांत जवळचं दार जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाचं. नावात क्रीडा असल्यामुळे झाडं लावणारी मुलं तिकडे फिरकत नाहीत. पण राज्याच्या २०१२च्या युवा धोरणातला जिल्हा युवा पुरस्कार तिथूनच मिळतो. दर वेळी एक युवक, एक युवती आणि एक संस्था निवडली जाते. वय १३ ते ३५ आणि जिल्ह्यात सलग पाच वर्षं वास्तव्य, या मुख्य अटी. पर्यावरणाचं, साधनसंपत्ती जपण्याचं काम त्यात धरलं जातं. युवक-युवतीला दहा हजार रुपये मिळतात. रक्कम लहान आहे, पण खेड्यातल्या पोराच्या कामावर जिल्ह्याची मोहोर उमटते, ती मला मोठी वाटते.

दुसरी वाट राष्ट्रीय सेवा योजनेची. १९६९ साली सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवकाला दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर पूर्ण करावं लागतं. तिचे राष्ट्रीय पुरस्कार १९९३-९४ पासून आहेत. तुमचं महाविद्यालय नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न असेल, तर कार्यक्रम अधिकाऱ्यांकडेच चौकशी करा. वनविभागाचा छत्रपती शिवाजी महाराज वनश्री पुरस्कारही आहे, मात्र तो तरुणांपुरता नाही. शाळा, ग्रामपंचायती, संस्थाही त्यात येतात.

आता तुमचा खरा प्रश्न. युवा पुरस्काराच्या अर्जाला पुरावे जोडायचे असतात : कात्रणं, फोटो, चित्रफिती. कात्रण बहुधा लावणीच्या दिवसाचं असतं. पाहुण्यांच्या हाती फावडं, मागे बॅनर. पुढच्या मे महिन्यात त्याच खड्ड्याजवळ कोणी वार्ताहर जात नाही. २०१९ साली राज्यात ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट होतं. त्यातली जगली किती, हा वाद पुढे कित्येक दिवस चालला.

आपल्या भागात तर सगळा कस उन्हाळ्यातच लागतो. नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरकडे सागाचं जंगल आहे, तिथे आहे ते राखलं तरी मोठं काम होतं. लातूर जिल्ह्यात वनाखालचं क्षेत्र एक टक्काही नाही. इथं झाड म्हणजे गायरानात, रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात माणसानं वाढवलेलं. काळ्या जमिनीला एप्रिलमध्ये हातभर भेगा पडतात, त्यात रोपाची कोवळी मुळं तुटतात आणि उरलेली वाऱ्यानं सुकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. आळ्यातली माती खुरप्यानं हलवून भेग बुजवायची, वर पालापाचोळ्याचा थर द्यायचा, भोवती बाभळीच्या काटेरी फांद्या रोवायच्या, नाहीतर शेळ्या शेंडा ठेवत नाहीत. हे सगळं निदान तीन उन्हाळे.

आणि पाणी आणायचं कुठून? एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. माणसांनाच पाणी नव्हतं, तिथं रोपाला कोण घालणार? त्याच वर्षी ‘जलयुक्त लातूर’ चळवळीत लोकांनी वर्गणी काढून मांजरा नदीतला गाळ उपसला. पुढे लातूर शहरात ‘ग्रीन लातूर वृक्ष टीम’नं झाडं लावण्याबरोबर उन्हाळ्यात ती जगवण्याचं कामही अंगावर घेतलं. पुरस्कार समित्यांनी शोधावीत ती अशी माणसं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर तुमच्या मुलांना एक करता येईल. प्रत्येक रोपाला क्रमांक द्या आणि एका वहीत लावल्याची तारीख, जात आणि पाणी घालणाऱ्याचं नाव लिहा. दर मे महिन्यात त्याच जागेवरून फोटो काढा. मेलेल्या झाडांचीही नोंद ठेवा, कारणासकट. अर्जाबरोबर ही वही जोडा. महाविद्यालयाला स्वतःचं बक्षीस ठेवायचं असेल, तर जाहीर पहिल्या पावसाळ्यात करा, पैसे मात्र तिसरा उन्हाळा सरल्यावर, जिवंत झाडं मोजून द्या.