जुन्या घराचे अंदाजपत्रक

उन्हाळी सुटीत मी आत्याकडे देवास जिल्ह्यातील बागलीस गेलो होतो. आतोबांनी निवृत्तीच्या पैशांतून कवेलूचे एक जुने घर ठरविले होते. विसार, ज्याला तिकडे बयाणा म्हणतात, देऊन झाला होता. रजिस्ट्री पंधरा दिवसांवर होती. आत्या म्हणाली, "तू कॉमर्सवाला ना? दुरुस्तीचा अंदाज काढ बघू."

मी जमीन मोजली: 30 फूट बाय 20, म्हणजे 600 चौरस फूट, सहा ब्रास कवेलू. मिस्त्री हसले. "भैया, छत तो ढलवाँ है!" 30 अंशांचा उतार धरला की तेच छप्पर सुमारे 693 चौरस फूट भरते, वळचणीचा भाग निराळाच. म्हणजे सात ब्रासांहून अधिक!

दोन वासे वाळवीने पोखरले होते. खरी भीती मात्र भिंतीच्या तड्यांची. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. पाया उथळ असला की भिंतही हलते. तेथे नुसत्या गिलाव्याने भागत नाही. तड्यावर कागदी पट्टी चिकटवून तारीख घालावी. ती फाटली तर तडा अजून वाढतो आहे. आमची नवव्या दिवशी फाटली.

जुनी वस्तू घेऊन वापरायोग्य करण्याचा खर्च भांडवली, महसुली नव्हे, असे आपण पुस्तपालनात शिकतो. त्याप्रमाणे मी किमतीत दुरुस्ती, मुद्रांक आणि नोंदणी शुल्क मिळविले. बेरीज आतोबांच्या शिलकेपेक्षा एक लाख चाळीस हजारांनी जास्त आली. रात्री ते बराच वेळ वही चाळीत बसले. सकाळी घरमालकाकडे जाऊन म्हणाले, किंमत उतरवा, नाहीतर बयाणा परत द्या. त्यांनी आठ दिवस मागितले, आणि माझी सुटी संपली.